दोष परागाचा नव्हता

“आपाय, यात चूक सापडली तर मला आनंदच होईल,” असं म्हणत दौरेनने कागदांचा गठ्ठा रौशनच्या टेबलावर ठेवला आणि तो तिची नजर चुकवून निघून गेला.

वनस्पती संशोधन संस्थेचा हा तरुण प्रमुख एकेकाळी तिचाच विद्यार्थी; अजूनही तिला ‘आपाय’, म्हणजे बाई, म्हणायचा. अल्माटी शहराच्या वरच्या डोंगरउतारांवरची रानटी सफरचंदाची झाडं का वाळताहेत, हा प्रश्न त्याने एआय एजंटांवर सोपवला होता. एकाने जुनी निरीक्षणं गोळा केली, दुसऱ्याने ती पडताळली, तिसऱ्याने शोधनिबंधही लिहून टाकला. दुपारच्या जेवणाआधी काम संपलं होतं.

खालच्या बागांमधला पराग मिसळून रानझाडं दुबळी झाली, हे तिच्या गुरूंचं, तोलेगेन अगायांचं (अगाय म्हणजे सर), म्हणणं. त्यांच्या हाताखाली रौशनने उमेदीची सगळी वर्षं त्यावरच घालवली होती. एजंट सांगत होते, दोष परागाचा नाही. डोंगरावरचा बर्फ लवकर वितळतो आणि उन्हाळ्यात मुळं कोरडी पडतात.

ती आठवडाभर चूक शोधत राहिली. एक सापडली, पण त्या चुकीने निष्कर्ष बदलत नव्हता. शेवटी तिने चष्मा मिटला आणि अगायांच्या घरची बस धरली.

अगायांच्या पत्नीने, कुल्याशने, दुधाचा चहा आणि गरम बाउरसाक, तळलेले पिठाचे गोळे, पुढे ठेवले.

“चेहरा का उतरलाय गं?” अगायांनी विचारलं.

तिने सांगून टाकलं. आडवळणाने सांगायचं त्राण उरलं नव्हतं.

“किती वेळ लागला त्यांना?”

“एक सकाळ.”

“बरं झालं. आपण अजून वीस वर्षं काढली असती.”

“मला वाटलं, तुम्ही चिडाल.”

“चिडून काय करू? तू नीट पाहिलंस ना?”

“पाहिलं.”

“मग झालं तर.” त्यांनी चहाची वाटी खाली ठेवली. “पण पराग असता ना, तर काहीतरी करता आलं असतं गं. बागा हलवल्या असत्या, लोकांशी भांडलो असतो. बर्फाला काय सांगणार?”

कुल्याशने न विचारताच वाट्या पुन्हा भरल्या.

“आपलं म्हणणं चुकलं, हे त्या निबंधात स्पष्ट लिही,” ते म्हणाले. “आणि माझं नाव पूर्ण घाल. आडपडदा नको.”

ती नको नको म्हणत असताना काठी टेकत ते जिना उतरून तिला पोचवायला आले. बसला उशीर होता. त्या रस्त्यावर मान वर केली की डोंगरच दिसतो. दोघं डोंगराकडे न बघता बस येणार त्या बाजूला तोंड करून उभी राहिली.