एका गाळ्याला एकच खिळा

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे आणि आज माझा राग अगदी अनावर झाला आहे. माझ्या अंगात खिळे ठोकले, म्हणून नव्हे. तेही सांगतोच.

राहनाळच्या एका क्लासात हेमाली मॅडम माझ्यावर अकरावीचं गणित शिकवत. डाव्या वर्तुळात मुलांची नावं, उजव्या वर्तुळात गावं आणि मधे बाण. त्या सांगत, "बाण कसेही जोडा, संबंध होतो. पण डावीकडच्या प्रत्येकाकडून एक आणि एकच बाण निघाला, तरच ते फलन. दोघांचे बाण एकाच गावाला गेले तरी चालतं." पहिल्या बाकावरची करिष्मा माझ्याकडे टक लावून बघायची. तेव्हा माझा थाटच निराळा होता.

मग क्लास बंद पडला. मी दापोड्याला धनेशशेठच्या कापडाच्या गोदामात आलो. शेठने माझ्यात खिळे ठोकले, वर गाळ्यांची नावं रंगवली, चाव्या टांगल्या. फार दुखलं. तरी मनाची समजूत घातली, की प्रत्येक गाळ्याला एक खिळा, म्हणजे हेही फलनच.

कसलं काय! ज्या गाळ्यातून धंदा सुरू झाला, तो शेठचा लक्ष्मीचा गाळा. त्याची चावी सकाळी पूजेसाठी केबिनमधल्या देव्हाऱ्याखालच्या खिळ्यावर जायची. पुढे ती तिथेच राहायची, नाहीतर माझ्याकडे यायची. करिष्मा आता याच गोदामात कामाला होती. चावी एकाच जागी ठेवा, असं तिने कितीदा सांगितलं, पण ऐकतो कोण?

भर उन्हाळ्यात एका दुपारी गोदामातल्या बाळारामने आत न बघताच त्या गाळ्याचं शटर ओढून कुलूप लावलं, चावी देव्हाऱ्याखाली टांगली आणि तो जेवायला गेला. शेठ केबिनला कुलूप लावून अंजूरला हळदीला गेले. आत ताग्यांमागे कामावरची सालेहा कापड तपासत होती. वर तापलेला पत्रा.

"खोलो! कोई है?" ती शटर बडवू लागली. करिष्मा धावत माझ्याकडे आली. खिळा रिकामा! तिने शेठना फोन लावला.

"फळ्यावर न्हाय तर देवाजवळ हाय. एवढं कळत न्हाय?"

"केबिनला कुलूप हाय, शेठ!" करिष्मा ओरडली.

आतला आवाज बंद झाला. बाळारामने धावत येऊन केबिनची काच फोडली, तेव्हा कुठे चावी मिळाली. सालेहा बेशुद्ध होती. ती वाचली, पण अजून दवाखान्यात आहे.

संध्याकाळी शेठ आले आणि फुटलेल्या काचेवरून बडबडू लागले. करिष्माने खडू घेतला. माझ्यावर एक गाळा काढला आणि त्यातून दोन बाण.

"ह्यातल्या कुठल्या बाणावर धावायचं होतं मी, शेठ? उदबत्ती लावा देवाला. चावी नका टांगू."

तिने पक्कड आणली आणि देव्हाऱ्याखालचा खिळा उपटून काढला.

मित्रांनो, खिळ्यांची मला चीड आहे. तरी सांगतो, हवे तेवढे खिळे माझ्या अंगात ठोका, पण एका गाळ्याला एकच. त्या दुपारी माझा खिळा रिकामा होता आणि पलीकडे सालेहा हाका मारत होती.