न्यायमूर्ती टॅरंट कौतुक करतात तेव्हा

किटलीचं बटण खट्टकन वर आलं आणि आम्ही तिघंही दचकलो. माझ्या नवऱ्याने, डेक्लनने, फोन स्वयंपाकघरातल्या टेबलावर पालथा घातला होता आणि त्याच्याकडेच बघत बसला होता.

"टॅरंट," तो शेवटी म्हणाला. "जजचं नाव टॅरंट. लंडनहून मँचेस्टरला येणार आहे आपल्यासाठी."

"चांगला आहे का?" माझ्या सासूने, डोरीनने विचारलं.

"जज आहे आई तो. प्लंबर नाही, शेजारी विचारून यायला."

"प्लंबरचं तरी कुठे विचारलं होतंस? म्हणून तर न्हाणीघर गळतंय."

टेबलाखालून नेल बाहेर आली. नेल माझी थोरली, सहा वर्षांची, आजीला नॅन म्हणणारी. "नॅन, मला बिस्किट."

"जादूचा शब्द?" डोरीनने डबा वर धरला.

"प्लीज."

"आता कसं! प्लीज म्हटलं की जगात कुणी नाही म्हणत नाही."

चहा झाला. डेक्लन बस पकडून कामाला गेला आणि मी इस्पितळात, बार्नीकडे.

बार्नी आमचा धाकटा. अडीच वर्षांचा. पहिल्या वाढदिवसाला मेणबत्तीवर फुंकर मारता मारता हसला होता. दुसऱ्या वाढदिवशी त्याचा श्वास यंत्र घेत होतं. दोन मेलेल्या डॉक्टरांची नावं जोडलेला रोग आहे, मेंदू आतून विझवत नेणारा. डॉक्टरांचं म्हणणं, यंत्र काढावं; त्याला वेदना होत असतील आणि त्या तो सांगू शकत नाही. आमचं म्हणणं, त्याच्या गळ्याला छोटी नळी बसवा, घरी न्यायचं छोटं यंत्र द्या, आम्ही सांभाळतो. पुढच्या खोलीतला सोफा आम्ही कधीच देऊन टाकला होता. त्याच्या पलंगाची जागा डेक्लनने जमिनीवर खडूने आखून ठेवली होती आणि नेल त्या रेघांवरून उडी मारून जायची, आत पाय पडू न देता. डॉक्टर हटेनात, आम्ही हटेना. असं झालं की आमच्याकडे प्रकरण हायकोर्टात जातं आणि आईबाप नव्हे, डॉक्टर नव्हे, एक न्यायाधीश ठरवतो की बाळाच्या भल्याचं काय.

न्यायमूर्ती टॅरंट यांचे निकाल फोनवर वाचायला मिळतात. कुणालाही. मी ते बार्नीच्या उशाशी बसून वाचायला लागले. एका हातात त्याचा पाय, एका हातात फोन. त्याचं पाऊल माझ्या मुठीत मावायचं.

टॅरंट डेव्हनकडच्या एका पाद्र्याचा मुलगा. वकिली सुरू केली ती जहाजांची. धुक्यात दोन बोटी एकमेकींवर आदळल्या तर चूक कुणाची, हे शोधण्यात तरुणपण गेलं. मग बोटी सोडून संसारांच्या भांडणांकडे वळले. ("काम तेच की," डोरीन म्हणाली.) पन्नाशीत न्यायाधीश झाले आणि रिवाजाप्रमाणे 'सर' हा किताबही मिळाला. फोटोत लाल झगा, डोक्यावर पांढऱ्या केसांचा टोप आणि चेहरा दाताच्या डॉक्टरकडे बाहेर बसवून ठेवल्यासारखा.

वाईट माणूस असता तर बरं झालं असतं. पण कॉर्नवॉलच्या एका म्हाताऱ्या कोळ्याचा सडलेला पाय कापायला डॉक्टरांनी परवानगी मागितली, तेव्हा टॅरंट स्वतः त्याच्या खाटेशी जाऊन बसले आणि म्हणाले, पाय त्याचा, मर्जी त्याची, हट्टीपणा हा काही आजार नव्हे. म्हातारा दोन्ही पायांसकट गेला, पण स्वतःच्या मर्जीने गेला. एका मुलीच्या आईबापांचा धर्म परक्याचं रक्त घेऊ देत नव्हता. टॅरंटनी फोनवरूनच हुकूम दिला: रक्त चढवा. मुलगी वाचली, वर्तमानपत्रांनी त्यांना डोक्यावर घेतलं. ते निकाल वाचताना मला वाटायचं, हा माणूस आमचं ऐकेल.

मग यंत्रावरच्या मुलांचे निकाल आले. त्यांत मुलांना नावं नसतात, नुसतं एक अक्षर असतं. एल. आर. एस. मी त्यांच्या आया वाचायची. एलच्या आईबद्दल लिहिलं होतं, एवढी समर्पित आई या न्यायालयाने क्वचितच पाहिली असेल. पुढच्या पानावर एलचं यंत्र काढायला परवानगी. आरच्या आईच्या धीराला सीमा नव्हती, आरचंही तेच. रक्ताच्या प्रकरणातसुद्धा आईबाप 'अत्यंत सचोटीचे' होते आणि हरले होते. पुन्हा पुन्हा वाचलं. आईची स्तुती आली की पान उलटायच्या आत माझ्या पोटात गोळा यायचा, आणि पान उलटलं की तो खरा ठरायचा.

एसचं मात्र वेगळं होतं. एसची आई भांडखोर, नर्सेसवर ओरडणारी, भेटीच्या वेळा चुकवणारी, कोर्टाशी खोटं बोललेली. टॅरंटनी तिला पानभर झापलं होतं. आणि शेवटी लिहिलं होतं की मूल घरी जाऊ दे.

आमच्या वकीलबाई, मिस पास्को, हे ऐकून चष्मा काढून डोळे चोळत म्हणाल्या, "हेझल, एसच्या तब्येतीत सुधारणा होत होती. आईशी त्याचा काही संबंध नाही. जो हरणार असतो त्याच्याशी जज गोड बोलतात, एवढंच. सगळेच बोलतात."

"मला कळतंय ते," मी म्हटलं. कळत होतंच. पण कळून काय करायचं?

डेक्लनला मी यातलं काही सांगितलं नाही. तो खडूच्या रेघा पुसट झाल्या की नव्याने ओढत होता. डोरीनला सांगितलं. तिने बटाटे सोलता सोलता विचार केला.

"मग शिव्या दे त्याला."

"डोरीन!"

"अगं, त्याने लिहायला हवं ना वाईट काहीतरी. तुला येत नसतील तर मला ने. तुझ्या सासऱ्याला विचार, जिवंत असता तर सांगितलं असतं त्याने."

आम्ही हसलो. कितीतरी दिवसांनी हसलो. पण मी मनाशी ठरवलं: जजसाहेब बार्नीला बघायला येतील तेव्हा गोड वागायचं नाही. उठून उभं राहायचं नाही. खुर्ची द्यायची नाही. तोंडावर सांगायचं, तुम्ही कोण माझ्या मुलाचं ठरवणारे?

ते आले ते करड्या ओव्हरकोटात, टोपाशिवाय, फोटोपेक्षा बुटके. खोलीत सगळीकडे यंत्रांच्या वायरी. त्या ओलांडताना त्यांचा बूट माझ्या पायावर पडला. चांगला करकचून पडला.

"सॉरी," मी म्हटलं.

मी म्हटलं! पाय माझा चिरडला आणि माफी मी मागितली. आणि मग सुटलेच. सॉरी, खोलीत फार पसारा आहे. सॉरी, खुर्ची जरा डुगडुगते, ही घ्या, ही बरी आहे. आईने लहानपणापासून जे भरवलं ते रक्तात गेलेलं. पोटात आग पेटलेली असली तरी तोंडातून तेच निघतं.

ते बसले. बराच वेळ बार्नीकडे बघत राहिले. मग हळूच विचारलं, "त्याला काय आवडतं?"

कुणी विचारलंच नव्हतं हे आजवर. मी म्हटलं, "टोस्ट. म्हणजे वास. थोडा करपलेला हवा. घरी टोस्ट करपला की त्याची डावी भुवई वर जायची. अजून जाते, कधीकधी."

कम्फर्ट, घानाची नर्स, न सांगता वॉर्डातल्या छोट्या स्वयंपाकघरात गेली आणि टोस्ट घेऊन आली, लोणी लावलेला, कडा काळ्या. मी तो बार्नीच्या नाकाशी धरला. आम्ही तिघं त्याच्या भुवईकडे बघत होतो. यंत्र श्वास घेत होतं, सोडत होतं. लोणी वितळून माझ्या मनगटावरून ओघळलं.

हल ना रे, मी मनात म्हणत होते. एकदा हल. सोन्या, आईसाठी.

टोस्ट गार झाला.

"कधीकधी वेळ लागतो," मी म्हटलं. "सॉरी."

"तुम्ही कसली माफी मागता," ते म्हणाले आणि त्यांनी बार्नीच्या पायावरून सरकलेली गोधडी नीट केली. डोरीनने विणलेली ती, लोकरीच्या चौकोनांची. "फार सुंदर आहे ही," ते म्हणाले. "तुमच्या कुटुंबाचं प्रेम दिसतं."

मला वाटलं, नको, कौतुक करू नका.

निकालाच्या दिवशी मँचेस्टरच्या कोर्टात डेक्लनने लग्नातला कोट घातला होता. आम्ही मागच्या बाकावर बसलो. न्यायमूर्ती आत आले, सगळे उठले, सगळे बसले. त्यांनी चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. आधी बार्नी कधी जन्मला, काय झालं, कुठले डॉक्टर काय म्हणाले. मग ते थांबले आणि पाण्याचा घोट घेतला.

"आता आईविषयी," ते म्हणाले. "या प्रकरणातल्या आईइतकी प्रेमळ, संयमी आणि सौजन्यशील व्यक्ती..."

डेक्लनने माझा हात घट्ट धरला. माझ्याकडे वळून तो हसला. केवढं हसला! कानात म्हणाला, "ऐकतेस ना? तुझ्याबद्दल बोलतायत. जमलं गं. जमलं."

मी त्याच्याकडे बघितलं आणि मीही हसले. दुसरं काय करणार? त्याला आनंदाचा अजून एक परिच्छेद मिळायला हवा होता. पुढे टोस्टही आला. 'आई मुलाच्या नाकाशी धरते तो भाजलेला पाव मी विसरणार नाही,' ते वाचत होते आणि डेक्लन मान हलवत होता, जिंकणाऱ्या माणसासारखा. मी त्याच्या अंगठ्यावरून माझा अंगठा फिरवत राहिले. मग आवाज जरा खाली गेला, 'तथापि' आला, 'जड अंतःकरणाने' आलं, आणि माझ्या हातातला त्याचा हात मला कळेल असा जड झाला.

मिस पास्को मागे वळल्या नाहीत. नुसता त्यांचा खांदा हलला.

संपल्यावर सगळे उठले. न्यायमूर्तींनी जाताजाता आमच्याकडे बघून मान लववली. त्यांचे डोळे लाल होते. खोटं कशाला सांगू. आणि मी, भरल्या कोर्टात, म्हटलं, "थँक यू, मिलॉर्ड."

बाहेर आल्यावर डेक्लन म्हणाला, "तू त्याला थँक यू म्हणालीस." रागाने नाही. नुसतं म्हणाला, मग भिंतीला टेकून खाली बसला, लग्नातल्या कोटासकट.

वरच्या कोर्टात जायला वाट नाही, मिस पास्कोंनी सांगितलं. पुढच्या शुक्रवारी यंत्र काढतील. सगळे जवळ असू शकतो. टोस्ट चालेल, कम्फर्टने विचारून ठेवलंय.

तो निकालही आता सगळ्यांना वाचायला मिळेल. त्यात बार्नीला नाव नसेल, नुसतं बी हे अक्षर असेल. पुढे कधीतरी कुणाच्या तरी घरी फोन येईल, जज टॅरंट आहेत म्हणून. त्या घरातली आई आपल्या बाळाचा पाय मुठीत धरून बीची आई वाचेल. प्रेमळ, संयमी, सौजन्यशील. आणि पान उलटायच्या आत तिच्या पोटात गोळा येईल. तिला हाक मारून सांगावंसं वाटतं काहीतरी. पण काय?

घरी आलो तर डोरीनने दार उघडलं, आमचे चेहरे बघितले आणि किटली लावायला आत गेली. डेक्लन पुढच्या खोलीत खडूच्या चौकोनाच्या कडेला उभा राहिला. मी जिन्याच्या पायरीवर बसले, बूटसुद्धा न काढता. नेल येऊन माझ्या गुडघ्यांत शिरली.

"बार्नी येणार घरी?"

"नाही गं राणी. जजनी नाही म्हटलं."

तिने माझ्या कोटाचं बटण फिरवत विचार केला.

"तू ओरडलीस का त्यांच्यावर?"

"नाही."

"नीट विचारलंस?"

"हो. सगळ्यांनी नीट विचारलं. ते म्हणाले, तुझी आई फार चांगली आहे."

"प्लीज म्हणालीस?"

"हो, मी म्हणाले."

आत किटलीचं पाणी खळखळायला लागलं होतं. नेलने बटण सोडलं आणि मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"मग ते 'नाही' का म्हणाले?"