तानाक्कानं दार अडवलं

आश्विनातल्या कोवळ्या उन्हात माती तुडवणारी तानाक्काची पावलं आठवली, की चिकणमातीचा तो गार वास अजून अंगावर येतो. निपाणीच्या कुंभारगल्लीत राहणारी ही माझी थोरली चुलती. नवऱ्यामागे चाक, भट्टी आणि सर्जा नावाचं उंच, काळंभोर गाढव तिनं एकटीनं सांभाळलं.

चिकोडीपासून कोगनोळीपर्यंतचे कुंभार माजावर आलेली गाढवी सर्जाकडे दाखवायला, म्हणजे फळवून घ्यायला, आणत. आलेल्या गाढवीला माहेरवाशिणीसारखी हळद लागे, भाकरी मिळे. तिला दारातून परतवणं म्हणजे त्या घराशी सोयरीकच मोडणं. या मानाचा तानाक्काला भारी तोरा होता, आणि तो तिला शोभायचाही.

इंग्रजी अमलाच्या अखेरीस एका वर्षी गाढवी गाभ टाकू लागल्या. कातडीवर वाटोळ्या गांधी उठत, मागचे पाय लुळे पडत. आम्ही दृष्टी काढल्या, अंगारे लावले. सर्जावर संशय घ्यायचं कुणाच्या मनातही आलं नाही. उलट गाभ टिकत नाही म्हणून त्या बिचाऱ्या जिवांना लोक पुन्हा पुन्हा त्याच्याचकडे आणत राहिले.

अखेर बेळगावहून जनावरांचे डॉक्टर आले. सर्जाची सुजलेली जागा तपासून म्हणाले, हा रोग नर-मादीच्या संगातूनच पसरतो; गाढव मारावं लागेल, उद्या शिपाई येईल. बायकांनी तोंडाला पदर लावले. तानाक्का सर्जाच्या मानेवरून नुसता हात फिरवत राहिली.

ते गेले आणि कोगनोळीची तिची धाकटी बहीण आपली एकुलती गाढवी घेऊन दारात उभी राहिली.

"आक्का, एकडाव दाखीव. मग न्हेऊ देत त्येला."

"न्हाय गं. ह्येच्या संगानं रोग लागतोय. तुझी बी मरंल."

"भनीला दारातनं परत लावतीस?"

"व्हय. भन हाईस म्हणूनच."

चारचौघांत, पुरुषांदेखत तिनं संगाचा तो शब्द उच्चारला. मला तिचा अभिमान वाटला आणि भीतीही. बहीण पाणीसुद्धा न पिता गेली. सर्जाला दुसऱ्या दिवशी तानाक्कानंच माळावर नेऊन शिपायाच्या हवाली केलं.

बहिणीची गाढवी पुढं दुसरीकडे फळली, तिला धडधाकट शिंगरू झालं. तानाक्का वारली तेव्हा माणसं कोगनोळीच्या वाटेकडे बघत बराच वेळ थांबली होती; बहीण आलीच नाही. काळ माणसाला सगळं विसरायला लावतो, हे त्या दिवसापासून मला कधीच पटलेलं नाही.