बॉयकॉटसाहेबाचं पुढं काय झालं

तीस साली सोलापुरात जो उठेल तो बॉयकॉटची भाषा करत होता. अर्थ अर्धवट कळला, तरी कुणाचं अडत नव्हतं.

आण्णा धनगर घोंगड्या विकायला बाजारात आला आणि घोंगडी खपेना म्हणून चौकातल्या सभेत जाऊन बसला. तो वस्तीचा थोरला पंच. चार शब्द ऐकायचे आणि आठ ऐकवायचे ही त्याची सवय. सिद्धाराम मास्तर शब्दाचं मूळ सांगत होते. बॉयकॉट हे आयर्लंडातल्या एका साहेबाचं आडनाव. जमीनदाराचा हा कारभारी कुळांवर उठला, तेव्हा गावानं त्याचं पीक कापलं नाही, दुकानदारानं माल दिला नाही. पुढं असं कुणाशीही वागलं, की लोक त्याला त्या साहेबाचंच नाव देऊ लागले.

आण्णाला यात नवल वाटलं नाही. हे तर वाळीत टाकणं. चार वर्षांपूर्वी त्यानं सख्ख्या धाकट्या भावाला, महिपतीला, टाकलं होतं. देवाला सोडलेला मेंढा महिपतीनं मंगळवेढ्याच्या बाजारात विकला होता. घरात पोर तापानं फणफणत होतं, पण पंचांनी ते मनावर घेतलं नाही.

"मग त्या सायबाला परत कवा घेतला?" आण्णानं विचारलं. "कुनी पानी पिलं त्याच्या हातचं?"

"ते काही वाचनात नाही," मास्तर म्हणाले. "सोजिरांच्या पहाऱ्यात गाव सोडून गेला, एवढं ठाऊक आहे."

लोक हसले. आण्णाला मात्र लाज वाटली. वस्तीची रीत साधी होती: टाकलेल्यानं हात जोडायचे, थोरल्या पंचानं त्याच्या हातचं पाणी प्यायचं, की विषय मिटला. महिपतीनं दोनदा हात जोडले होते. आण्णानं दोन्ही वेळा पुढं बघू म्हणून त्याला वाटेला लावलं होतं.

तो घोंगड्या तशाच खांद्यावर टाकून थेट महिपतीच्या दारात गेला आणि पाणी मागितलं. महिपतीनं तांब्या आणून दिला. आण्णा चार शेजाऱ्यांदेखत घटाघटा प्यायला.

"महिपती आजपासनं आपल्यात हाय," तो म्हणाला.

महिपतीनं रिकामा तांब्या घेतला. "मला घेतलं, दादा, लई बरं झालं. पन वस्तीत कुनाला टाकायचं झालं की 'त्याचा महिपती करा' म्हनत्यात. ते कुनी मागं घ्यायचं?"

गेल्या महिन्यात भर बैठकीत आण्णा स्वतःच तसं म्हणाला होता आणि सगळे पंच पोट धरून हसले होते.