वेळेआधीची टाळी

आईने हेडफोन कानांवरून उतरवले, मांडीवर ठेवले आणि म्हणाली,

"ही टाळी माझी नाही."

लेकीचा हात बटणावरच राहिला. हेच वाक्य आईला सांगायचं की नाही, सांगायचं तर कसं, यावर तिने दोन दिवस डोकं शिणवलं होतं. आणि आता आईनेच ते उचलून तिच्या पुढ्यात ठेवलं होतं.

ती टाळी सगळ्यांना ठाऊक होती. रॉक अँड रोलचा तो नामांकित गायक, ज्याला लोक 'वादळ' म्हणत, त्याच्या मैफलीच्या रेकॉर्डवरचं शेवटचं संथ गाणं. शेवटच्या कडव्याआधी वादळ थांबतो, वाद्यंही थांबतात, आणि त्या शांततेत, गाणं संपलं असं समजून, पहिल्या रांगेतून कुणीतरी एकच टाळी वाजवतं. वादळ हसतो. "थांबा बाई," तो म्हणतो, "अजून एक कडवं बाकी आहे." लोक खिदळतात, आणि मग तो ते कडवं असं गातो की खिदळणाऱ्यांना आवंढा गिळावा लागतो.

ती बाई म्हणजे आई. हे तिने चाळीस वर्षं पाहुण्यांना, शेजाऱ्यांना, दूधवाल्याला आणि तोंडात कापसाचे बोळे असतानासुद्धा दाताच्या डॉक्टरला सांगितलं होतं. बाबा त्या मैफलीचे ध्वनिमुद्रक. ते सभागृहाबाहेर उभ्या केलेल्या गाडीत यंत्रांपुढे बसलेले, आणि घरी गप पडून राहा असं बजावूनही न ऐकणारी, नववा महिना भरत आलेली आई पहिल्या रांगेत. आता रेकॉर्डची नवी आवृत्ती निघणार होती. जुन्या आवाजाची साफसफाई कंपनीने बाबांची मुलगी म्हणून लेकीकडेच सोपवली होती, आणि सोबतच्या पुस्तिकेत आईचा फोटो व तिची गोष्ट छापायची होती. पुस्तिका करणाऱ्या बाईंना संध्याकाळपर्यंत होकार हवा होता.

आई सकाळीच नटूनथटून स्टुडिओवर हजर झाली होती. लेकीला दार उघडायला जरा वेळ लागला तर तिने लगेच विचारलं होतं, "काय, जोड जमत नव्हता वाटतं?" हा घरातला जुना टोमणा. लेकीच्या जन्मानंतर बाबा दवाखान्यात उगवले ते थेट तिसऱ्या दिवशी, बोटाला पट्टी बांधून, आणि कुठे होता म्हणून विचारलं तर म्हणाले, टेपचा एक जोड जमत नव्हता. तेव्हापासून घरात कुणालाही कशालाही उशीर झाला की आई हेच विचारायची. बाबा खाली मान घालून चहा ढवळत राहायचे. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली, तरी टोमणा चालूच होता.

"आई, मला माहीत आहे," लेक हळूच म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"टाळी तुझी नाही ते."

तिने टेबलाखालून टेपचा डबा काढला. परवाच तो कंपनीच्या गोदामातून आला होता. झाकणाच्या आत बाबांचं बारीक, उजवीकडे कललेलं अक्षर होतं: 'सर्व गाणी दुसरी रात्र.' खाली तारीख. ती लेकीचीच जन्मतारीख होती.

"मैफली दोन रात्री झाल्या. तू गेलीस पहिल्या रात्री. रेकॉर्डवर आहे ती दुसरी. तेव्हा तू दवाखान्यात होतीस, माझ्यापायी कळा सोसत. आई, होतं असं. दुसऱ्या रात्रीही कुणीतरी घाई केली असेल. आपण त्या बाईंना फोन करून सांगू, की फोटो नको."

आईने चष्मा लावून झाकण वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. सकाळी लावलेली पावडर तिच्या चेहऱ्यावर एकदम उगाच लावल्यासारखी दिसायला लागली.

"म्हणजे चाळीस वर्षं मी थापा मारतेय."

"थापा नाही गं."

"मग काय? तो माझ्याकडे बघून हसला. त्याच्या पुढच्या दाताचा टवका उडालेला होता, इतक्या जवळून बघितलाय मी. आणि तुझ्या बाबांसमोर शंभरदा सांगितलं असेल. एकदा तरी म्हणाले का, की तुझी नाही म्हणून?"

"बाबा तुला कधी कशाला नाही म्हणाले?"

एरवी आई यावर हसली असती. आता ती हेडफोनची वायर बोटाला गुंडाळत बसली. लेकीला स्वतःचाच राग आला. आईच्या आयुष्यात मिरवण्यासारखं हे एवढंच होतं, आणि तेही तिने हिसकावून घेतलं होतं.

"पण आत्ता तूच म्हणालीस ना, माझी नाही म्हणून?" तिने विचारलं.

"तू ऐकवलीस ती नाही. आपल्या घरच्या रेकॉर्डवरची माझीच आहे. तुझ्या टाळीत टक् नाही."

"कसलं टक्?"

"अंगठ्यांचं."

आईने दोन्ही हात पुढे धरले. "टेपला हात लावायच्या आधी तुझे बाबा अंगठी काढून ठेवायचे, चरा पडू नये म्हणून. त्या दिवशी गाडीच्या दारात माझ्याकडे दिली. नवव्या महिन्यात बोटं ही सुजलेली, माझी अंगठी निघता निघेना, आणि त्यांची मात्र दुसऱ्या हातात झकास बसली. टाळी वाजवली तर दोन्ही एकमेकींवर आपटल्या. टक्."

लेकीच्या कानांपर्यंत लाली चढली. घरची रेकॉर्ड आईने वाजवून वाजवून इतकी झिजवली होती की तिच्यावर हजार टकटकी होत्या. ही टक् त्यांच्यातलीच, असं ती लहानपणापासून धरून चालली होती. कंपनीने आधी पाठवलेल्या प्रतीची साफसफाई करताना संगणकाने ती दोष म्हणून दाखवली, आणि तिने न ऐकताच पुसून टाकली होती.

तिने डब्यातून मूळ टेप काढली. स्वतःची अंगठी उतरवून बशीत ठेवली. ती सवय बाबांची. इतक्या जुन्या जोडांची चिकटपट्टी वाळलेली असते, ते आधी पक्के करायचे असतात, हेही बाबांनीच शिकवलेलं. पण तेवढा धीर आज तिच्याकडे नव्हता. तिने टेप यंत्रावर चढवली आणि शेवटच्या गाण्यापर्यंत आणली.

वादळ थांबला. वाद्यं थांबली. टाळी वाजली, आणि त्या टाळीच्याच पोटात, बारीक पण स्वच्छ, टक्.

आईने लेकीचं मनगट धरलं.

"थांबा बाई," वादळ म्हणाला, "अजून एक कडवं बाकी आहे."

लोक खिदळले, पण कडवं आलंच नाही. जोड सुटला, टेपचं टोक फडफडत गरगर फिरू लागलं आणि लेकीने झडप घालून यंत्र बंद केलं. सुटलेलं टोक तिने दिव्याखाली धरलं. टेपच्या पाठीवर पांढऱ्या पेन्सिलीने दोनच शब्द लिहिले होते, त्याच कललेल्या अक्षरात: 'आदली रात्र.'

ती टेप हातावर उलटी घेत गेली. दोन-अडीच मीटरवर दुसरा जोड लागला. टाळी, वादळाचं हसू, त्याचं वाक्य, लोकांचं खिदळणं. एवढाच तुकडा मध्ये बसवलेला. त्याच्या अलीकडे आणि पलीकडे दुसरी रात्र.

"दुसऱ्या रात्री कुणीच टाळी वाजवली नाही," लेक म्हणाली. "बाबांनी तुझी आणून घातली."

आईने वाकून ती तपकिरी पट्टी जवळून पाहिली.

"असा तुकडा बसवायला किती वेळ लागतो?"

"आता दोन मिनिटं. तेव्हा ब्लेडने कापायचं. गर्दीची गुणगुण जुळायला हवी, वादळाचा श्वास जुळायला हवा. चुकलं की परत." लेकीने आईकडे बघितलं. "दोन-तीन दिवस सहज."

आईने दोन्ही हात तोंडावर धरले. ती हसत होती की रडत होती, तिचं तिलाही कळलं नसावं.

"मेल्या माणसाला चाळीस वर्षं टोचून खाल्लं मी," ती म्हणाली. "आणि हा बसलाय चहा ढवळत! एकदा तोंड उघडायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर टाळी बसवलेली ठरली असती. मग दूधवाल्याला काय सांगितलं असतंस?"

टेबलावरचा फोन वाजला. पुस्तिकावाल्या बाई.

"छापा म्हणावं," आई नाक पुसत म्हणाली. "आणि टक् परत घाल आधी."

लेकीने होकार कळवून फोन ठेवला, नवं ब्लेड काढलं आणि टेपची दोन्ही टोकं जोडायच्या ठोकळ्याच्या खाचेत बसवली. एक टोक सरकलं. तिने ते पुन्हा बसवलं, तर दुसरं सरकलं.

"वेळ लागेल गं, आई."

आईने बशीतली अंगठी उचलून आपल्या उजव्या हाताच्या बोटात घातली.

"लागू दे," ती म्हणाली. "जोड जमायला वेळ लागतो."

आणि अंगठ्या वाजू नयेत म्हणून दोन्ही हात मांडीवर वेगवेगळे ठेवून ती कडव्याची वाट बघत बसली.