वस्तऱ्याच्या धारेवर पारखलेला आरसा

माझे भावोजी व्यवसायाने केशकर्तक. त्यांच्या दुकानात आरसे पुष्कळ; तथापि त्यांपैकी एकातही चंद्र मोठा दिसत नाही, या एकाच तक्रारीपायी त्यांनी दुर्बिणीचा आरसा स्वहस्ते घडविण्याचे मनावर घेतले.

त्याची रीत अशी. घरामागील खोलीत पाण्याने भरलेल्या पिंपावर एक पातळ काच पक्की बसवावयाची, तीवर कुरुंद दगडाची खरखरीत भुकटी व पाणी टाकावयाचे, वर दुसरी जाड काच ठेवून घासावयाची, आणि घासता घासता पिंपाभोवती फिरत राहावयाचे. यातील नवल हे की, वरची काच मध्यभागी खोल होत जाते आणि खालचीला पोट सुटते. ही वरची काच म्हणजेच आरसा.

"लग्नानंतर माझ्यामागे कधी इतके फिरला नाहीत," माझी ताई म्हणे, "जेवढे त्या पिंपाभोवती फिरताय!"

परंतु काळ प्रतिकूल होता. त्यांचे चिरंजीव सूनबाईंसह येत्या रविवारी कायमचे राहावयास येणार होते, आणि ती खोली त्यांना द्यावयाची ठरली होती. ताईने बजावले, "तोवर आरसा झाला तर झाला. नाहीतर माळ्यावर." माळ्यावर चढलेली वस्तू पुन्हा खाली उतरत नाही, हे संसारी माणसास सांगणे न लगे.

अशात एके दुपारी भावोजींनी काच ओली करून अंगणात उन्हात धरली. तिच्यावरून परतलेला सूर्याचा कवडसा भिंतीवर पाडावयाचा, आणि तो सर्वांत बारीक होईपर्यंत मागे सरावयाचे. खोलगटपणा मोजण्याची ही युक्ती; जितके मागे सरावे लागेल, तितका खड्डा उथळ. आदल्या दिवशी अंगणाच्या मध्यावरच ठिपका जुळला होता. आज मागे सरत सरत भावोजी कुंपणाला टेकले, तेव्हा कोठे तो जुळला.

"खड्डा भरला कसा?" ते पुटपुटले.

"अहो, तुम्ही दुकानात गेल्यावर सकाळभर मी घासली," ताई म्हणाली. "लवकर व्हावी म्हणून."

"वर कुठली ठेवलीस?"

"पातळ. जाड काच एवढी महागाची, ती कशाला ओढाताणीत घालायची? खाली नीट बसवली."

आता भडका उडणार, असे मला वाटले. भावोजी मात्र कुंपणाकडे व भिंतीकडे आळीपाळीने पाहत राहिले, आणि हसू लागले.

"उलटं घासलंस, बाई! खड्डा उथळ झाला."

"मग आता?" माळ्याचा धाक घालणारीचाच आवाज पडला होता.

"आता दुर्बिणीची नळी लांब करावी लागेल, एवढंच. पण उथळ आरसा लवकर साधतो. वेळ वाचवलास तू माझा."

"मला बरं वाटावं म्हणून बोलताय."

"तसं गिऱ्हाइकाशी बोलतो. तुझ्याशी नाही."

त्यानंतर उभयतांनी जे श्रम केले, त्यांचे वर्णन माझी लेखणी काय करणार! भुकटी टप्प्याटप्प्याने अधिक बारीक घ्यावयाची, आणि दर वेळी आधी पिंप, हात, नखे, सारे धुवावयाचे. जाड भुकटीचा एक कण राहिला तरी काचेवर ओरखडा. शेवटी खालच्या काचेवर राळेचा थर देऊन, त्यावर तांबडी पूड टाकून वरची काच अशी उजळविली की, ती तेथे आहे हे बोट लागल्याशिवाय कळेना.

रविवारी अंतिम परीक्षा. खोलीत काळोख केला. एका कोपऱ्यात आरसा. समोर दाराकडे पाठ करून भावोजी, जवळ छिद्र पाडलेल्या डब्यातील दिवा आणि हाती त्यांचा दाढीचा वस्तरा. छिद्रातला उजेड आरशावरून परतून जेथे एकवटतो, तेथे वस्तऱ्याची धार तिळातिळाने सरकवावयाची आणि धारेमागे डोळा लावून आरशाकडे पाहावयाचे. आरशावर सावली एकसारखी पसरली, तर खड्डा निर्दोष.

इतक्यात दारावर थाप पडली. "बाबा, उघडा! सामान जड आहे!"

"थांब रे!" ताई ओरडली. "तुझे बाबा वस्तरा धरून बसलेत!"

"कुणावर?" सूनबाईंचा घाबरा आवाज आला.

भावोजींचा हात हलला नाही. उभ्या हयातीत असंख्य गळ्यांवरून फिरलेला तो हात. त्याने धार केसभर पुढे नेली, आणि मी पाहिले की त्यांनी श्वास सोडला.

"सावली बसली," ते म्हणाले. "सगळीकडे एकदम बसली. अगं, ये, तू बघ आधी."

ताईने डोळा लावला. मग तिने स्वतःच दाराची कडी काढली आणि फट करून म्हणाली, "सामान राहू दे पायरीवर. एकेकजण बघायला आत या, आणि दार लावून घ्या."