शिंदखेड्याच्या विरजणाची घालमेल

मित्रांनो, मी एक जुने विरजण आहे. पण जुने म्हणजे फडताळात निवांत पडलेले नव्हे. माझ्या पायाला भिंगरी आहे. आजचे दही उद्या संपते आणि त्यातला चमचाभर मागे राहिला तरच मी राहते. कोणी वाडगा पुसून खाल्ला की माझा कारभार आटोपला! म्हणून रोज जेवणाची पाने पडली की माझा जीव टांगणीला लागतो.

शिंदखेड्याला मी सुगंधाबाईंबरोबर आले. त्यांच्या आईने स्वच्छ फडके दह्यात बुडवून सावलीत वाळवले आणि लेकीच्या गाठोड्यात बांधले. त्या कोरड्या फडक्यात माझा कोण जीव घुसमटला! सासरी कोमट दुधात पडल्यावर मी पुन्हा जागे झाले.

माझ्यात डोळ्यांना न दिसणारे असंख्य जंतू आहेत. ते दूध आंबवतात आणि त्याबरोबर प्रथिनासारखे एक बारीक औषधही तयार करतात. दूध नासवायला आलेले काही परके जंतू त्याने मरतात. दूरदेशीच्या शास्त्रज्ञांनी दुधातल्या अशाच जंतूंकडून हे द्रव्य वेगळे काढले आणि चीज टिकवायला वापरले. आमच्या गल्लीत एवढे कोणाला ठाऊक नव्हते. पण वैशाखातही सुगंधाबाईंचे दही बिघडत नाही, असे सगळ्या म्हणत आणि वाटी घेऊन दारात येत. शेजारच्या भिकुबाईही मला घेऊन जात. मला कौतुक आवडते, ते का लपवू?

एकोणीसशे पंचावन्नच्या उन्हाळ्यात घरात नवी सून आली. चाळीसगावकडची कुंदाबाई. सुगंधाबाईंनी दही लावायचे काम तिच्याकडे सोपवले आणि त्याच सुमारास म्हशीच्या कासेला दगडी झाली, कास सुजून टणक झाली. गुरांच्या डॉक्टरांनी सडात पेनिसिलिनची नळी सोडली. कास बरी होईल, पण औषध दुधात उतरेल, तेव्हा काही दिवस दूध टाकून द्या, असे त्यांनी बजावले.

दूध टाकायचे? सुगंधाबाईंना ते पटेना.

"दूध फेकं ते लक्ष्मी ऱ्हाई का घरमा?" त्या म्हणाल्या आणि दूध तापवून सुनेपुढे ठेवले.

मित्रांनो, मी त्या दुधात पडले आणि माझे अंग लुळे पडले. पेनिसिलिन तापवून जात नाही. परक्या जंतूंना मारणारे मी, त्या दुधात मीच मरू लागले! दही लागले नाही. दूध नासून घाण वास सुटला. कुंदाबाईने भिकुबाईंकडून माझाच अंश आणून पुन्हा लावला, तोही गेला.

मग काय, चोर सोडून संन्याशाला फाशी! सुनेचा हात अपेशी, असे सुगंधाबाईंनी ठरवले. अशा हाताने घरातली बरकत जाते, भावाला बोलावून हिला माहेरी धाडा, असे त्यांनी मुलाला सांगितले. कुंदाबाईचा नवरा लोटन आईपुढे मान डोलावून मोकळा झाला. मला त्याचा फार राग आला. कुंदाबाई चुलीपाशी स्वतःचेच हात उलटसुलट करून बघत होती. ओरडून सांगावेसे वाटत होते, पण विरजणाला तोंड कुठे असते?

भावाला निरोप गेला. तो यायच्या दिवशी सकाळीच कुंदाबाई भिकुबाईंकडे गेली. हा हात लागला तर आपलेही दही बिघडेल, अशी भिकुबाईंना धास्ती होती. तरी त्यांनी मला दिले आणि सोबत आपल्या गाईचे थोडे दूधही दिले. कुंदाबाईने सासूसमोर दोन वाडगे मांडले. एकात म्हशीचे दूध, एकात गाईचे. दोन्हींत मला घातले.

"आत्याबाई, हात एकच शे. दूध दोन शेतस. दुपारले देखा."

माझी काय अवस्था झाली म्हणून सांगू! एका वाडग्यात मी मरत होते, दुसऱ्यात धडपडत होते. एका मुलीचा संसार माझ्यावर अवलंबून होता आणि ऊन काही केल्या सरकत नव्हते.

दुपारी सुगंधाबाईंनी झाकण्या काढल्या. गाईचे दही घट्ट लागले होते. म्हशीचे दूध तसेच पातळ. त्यांनी दोन्ही वाडगे हलवून पाहिले. तेवढ्यात भाऊ दारात येऊन उभा राहिला. कुंदाबाईने बांधलेले गाठोडे सासूने स्वतः सोडले.

"पोरी, तुना हातमा खोट नही शे," त्या म्हणाल्या. "मनी नजरमा व्हती."

त्या दिवशी भाऊ पाहुणा म्हणून जेवला आणि गाईच्या दह्याचा वाडगा त्याच्यापुढे आला. चमचाभर मागे ठेवायला कुंदाबाई विसरली नाही.

तर मित्रांनो, मला पुसून खाऊ नका. औषध दिलेल्या जनावराचे दूध डॉक्टर सांगतील तोवर वापरू नका. आणि घरात कधी दही लागले नाही, तर आधी दूध बघा. लावणारीचे हात नंतर बघितले तरी चालतील.